वन्संच्या मापाचा कोयता

आमच्या वन्संच्या दुकानात कोयता निवडायची मुभा नाही. त्या देतील तो घ्यायचा. गिऱ्हाईक येतं, भिंतीवरच्या सगळ्यात मोठ्या कोयत्याकडे बोट करून "तो काढा" म्हणतं, आणि वन्सं त्याला चष्म्यावरून पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतात. मग विचारतात, "कापायचंय काय? झुडूप की शेजारी?" बिचारा हसतो. हसला की अडकला.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं अवजारांचं दुकान, मागच्या खोल्यांत आमचा संसार, आणि त्याच्याही मागे झाडोऱ्यानं भरलेला एक उतार आहे, त्याचं पुढे सांगते. दुकानात कुदळी आहेत, फावडी आहेत, विळे आहेत, पण लोक लांबून येतात ते कोयत्यासाठी. खरं सांगू का, निम्मे लोक वन्संचा तोरा बघायलाच येतात. बाई उंचीनं बेताची, पण आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठून बसतात.

दाराशीच एक भलामोठा कोयता टांगलाय. रुंद, लखलखीत, कमरेला धरला तर टोक घोट्याला लागेल एवढा. त्याचं नाव वन्संनी 'जावईबापू' ठेवलंय. दिसायला रुबाबदार, कामाला शून्य, आणि रोज पुसूनपासून ठेवावा लागतो, म्हणून. तो विकायचा नाहीच आहे. पण दारातून शिरणाऱ्या बाप्यांची नजर पहिली त्याच्यावर जाते आणि वन्संना तेच हवं असतं.

मागे एकदा गल्लीतला शिंपी आला. अंगानं असा की त्यानं घातलेला सदराच त्याला उभा धरून ठेवतो. कुंपणाची झाडं छाटायची होती आणि त्यालाही जावईबापूच हवा होता. वन्संनी तो खाली काढला आणि त्याच्या हातात दिला.

"हात सरळ समोर धर. कोपरात वाकवायचा नाही. हां, अस्सा. आता सांग, घरी काय चाललंय?"

"घरी? घरी ठीक आहे की."

"ठीक असतं तर माणूस सुट्टीच्या दिवशी कुंपण छाटायला निघाला नसता. बायको काय म्हणते?"

झालं! शिंप्याचं तोंड सुटलं. बायको म्हणते माझ्या भावाला दुकानात घ्या, भावाला साधं बटण लावता येत नाही, वर सासूबाई येऊन राहिल्यात, त्यांना मशीनचा आवाज सहन होत नाही... गडी बोलता बोलता रंगला आणि जावईबापूचं नाक हळूहळू खाली यायला लागलं. सासूबाई परत कधी जाणार ह्या विषयापर्यंत आला तेव्हा ते थेट त्याच्या पायाच्या अंगठ्यावर टेकलं होतं.

"बघ," वन्सं म्हणाल्या, "कुंपणाच्या आधी अंगठा गेला असता."

ही त्यांची पद्धत. तिला त्या 'गाऱ्हाण्याचं माप' म्हणतात. त्यांचं म्हणणं असं की छाती काढून कुणीही काहीही उचलतो, तोवर हात खोटं बोलत असतो. गाऱ्हाणं सांगायला लागला की माणूस हाताला विसरतो आणि मग हात खरं सांगतो. टोक पडलं तर कोयता जड. माणूस कोयत्यानंच हातवारे करायला लागला तर तो फार हलका, फांदीवर आपटून नुसता उडेल. गाऱ्हाणं संपेपर्यंत टोक जागच्या जागी राहिलं तर तो कोयता त्याचा.

लांबीचं वेगळं. पातं साधारण कोपरापासून मनगटापर्यंत यावं. त्याहून लांब घेतलं तर ते गुडघ्याची चौकशी करायला येतं. काटेरी जाळी तोडायची असेल तर थोडं लांब चालेल, हात काट्यांपासून दूर राहतो. गवताला आणि कोवळ्या वेलींना हलकं पातं. ओल्या, मनगटाएवढ्या फांद्या असतील तर आखूड, पाठीला जाड आणि नाकाशी जड, म्हणजे अर्धं काम वजनच करतं. वाळलेलं लाकूड फोडायला कोयता मागणाऱ्याला त्या कुऱ्हाड दाखवतात आणि वर दोन शब्द ऐकवतात. शिंप्याला हे सगळं ऐकवून त्यांनी एक हलकासा कोयता दिला. तो फांद्यांसाठी ठीक होता, सासूबाईंसाठी मात्र काही मिळालं नाही.

ह्या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे, त्याबद्दल कोणी बोलत नाही. आसपासच्या प्रत्येक घरातलं भांडण आमच्या दुकानात येऊन पडतं. मी आतल्या दाराशी शेंगा सोलत बसते. एवढ्या शेंगा आमच्या घरात खाल्ल्या जात नाहीत, पण सोलाव्या लागतात.

माझंही माप असंच झालं होतं. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात वन्संनी मागच्या कुंपणासाठी म्हणून माझ्या हातात एक लहान कोयती दिली आणि हात लांब करायला लावला. "सासरचं गाऱ्हाणं सांग."

"मला काही गाऱ्हाणं नाही."

"नाही कसं? आठवडा होत आला येऊन."

मग म्हटलं, घ्या. सांगितलं की वन्सं रात्री घोरतात, इतक्या की खिडकीची तावदानं थरथरतात, आणि सकाळी उठून मलाच विचारतात की रात्री कोण घोरत होतं. त्यांची पापणी हलली नाही. कोयतीच्या टोकाकडे बघत म्हणाल्या, "टोक हललं नाही. ही तुझी." तेव्हापासून आमचं जमलं. जमलं म्हणजे रोज वाजतं, पण जमलं.

वन्संचा स्वतःचा कोयता गल्ल्याच्या मागे खिळ्याला असतो. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, फक्त धार लावायला लोहाराकडे न्यायची परवानगी, तीही मला एकटीला. त्याची गोष्ट अशी. वन्संचं लग्न झालं होतं. नवरा चांगला होता आणि फार लवकर गेला. त्या माहेरी परत आल्या तेव्हा घर माणसांनी भरलेलं, जो तो त्यांना कुरवाळायला टपलेला, आणि त्या कुणाशी चकार शब्द बोलायच्या नाहीत. तेव्हा दुकान माझे सासरे, म्हणजे वन्संचे बाबा चालवायचे. त्यांनी लेकीच्या हाताच्या मापानं एक कोयता घडवून घेतला. जाड पाठीचा, नाकाला जड, चांगल्या गड्यालाही एकदा खाली ठेवून पुन्हा उचलावासा वाटेल असा. तो तिच्या हातात देऊन म्हणाले, "मागे उतारावर जा. दिसेल ते तोड."

वन्सं गेल्या आणि अंधार पडेपर्यंत तोडत राहिल्या. तोडत होत्या, रडत होत्या, देवाला शिव्या देत होत्या, गेलेल्या नवऱ्यालाही देत होत्या, आणि हात चालत होता. हे मला सासऱ्यांनीच सांगितलं, सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. गाऱ्हाण्याच्या मापाचा जन्म तिथला. दुसऱ्या दिवशी वन्सं दुकानात येऊन बसल्या त्या बसल्याच.

तेव्हापासून दर वर्षी झाडोरा माजला की उतार वन्संच साफ करतात. घराला येणारा पाण्याचा पाइप तिथून जातो, त्याची वाट मोकळी ठेवावीच लागते. रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्यांना त्या दिसतात, कमरेला फडकं आवळलेलं, हातात तो कोयता आणि तोंडाचा पट्टा सुरू. दुकानाला पाटी नाही, कधी लागलीच नाही.

आणि वन्सं सगळ्यांना, अगदी गिऱ्हाइकांनासुद्धा, एक वाक्य ठासून सांगत आल्यात. "ज्या दिवशी माझा कोयता मला जड झाला त्या दिवशी दुकानाला कुलूप. जिचं स्वतःचं माप चुकलं तिनं लोकांची मापं काढू नयेत." वन्सं चाळिशीत होत्या तोवर हे वाक्य ऐकायला फार झकास वाटायचं.

मग एका खेपेला मी मागे वाळत घातलेले कपडे काढत होते आणि उतारावरून "आई गं!" ऐकू आलं. हातातले कपडे टाकून धावले. वन्सं उभ्या होत्या आणि कोयता त्यांच्या डाव्या चपलेत रुतलेला होता, अंगठा आणि शेजारचं बोट ह्यांच्या बरोबर मधोमध. पाय शाबूत होता.

वन्संनी पाय सोडवून घेतला. "चप्पल जुनीच होती," म्हणाल्या.

चप्पल आमच्या ह्यांना दिसली. जेवताना ते म्हणाले, "ताई, बास झालं आता. पुढच्या वर्षीपासून उताराला माणूस लावू."

"लाव की," वन्सं अगदी शांतपणे म्हणाल्या. "आणि दुकानाला गिऱ्हाईक बघ, बाळ्या."

मिशा पांढऱ्या झालेला आमचा बाळ्या मान खाली घालून जेवत राहिला. वन्संचं बोलणं पोकळ नसतं हे त्यांना माहीत, मलाही माहीत. दुकान गेलं तर वन्संचं काय उरणार? खिडकीशी बसलेली एक म्हातारी. मला ती म्हातारी नको होती. मला भांडायला माणूस हवं होतं. आणि दुसरीकडे, चप्पल नवी आणता येते, पायाचं तसं नाही.

आधी खात्री करून घ्यावी म्हटलं. एका दुपारी दुकान रिकामं होतं. वन्सं आपला कोयता पुसून, हात लांब करून धार निरखत होत्या. मी शेंगा घेऊन दाराशी बसले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "वन्सं, ह्यांनी तुमचा तो लाकडी पेटारा विकला तो नक्की कधी हो?"

आमच्या घरातलं हे सगळ्यात जुनं आणि सगळ्यात लांबलचक गाऱ्हाणं. पेटारा, त्याची पितळी कडी, त्याचं नक्षीदार झाकण, मग त्यांना न विचारता तो विकला गेला ती सकाळ, असा त्याचा मार्ग ठरलेला आहे. वन्सं सुरू झाल्या. पितळी कडीपर्यंतसुद्धा पोचल्या नव्हत्या आणि कोयत्याचं नाक खाली झुकायला लागलं. मी बघितलं. मी बघितलं हे त्यांनी बघितलं. पटकन कोयता खाली ठेवून म्हणाल्या, "मुठीला तेल लागलंय वाटतं."

मुठीला तेलाचा थेंब नव्हता.

आता वन्संची काळजी कुणी घ्यायची? उघड आहे, मी. कारण मी ठणठणीत. वन्संहून फार लहान नाही, पण मागच्या अंगणातल्या नळावरून झाडांना पाणी न्यायची आमची ती मोठी लोखंडी बादली मी अजून एका हातानं नेते. मध्ये एकदा उंबऱ्याशी पाय मुरगळला तेवढंच. उलट अलीकडे हाताला जास्तच जोर आलाय. रोज सकाळी गच्चीवर हात गोल गोल फिरवते त्याचा गुण, असं मी गल्लीतल्या सगळ्या बायकांना सांगितलंय, काही जणींनी माझं बघून सुरूही केलंय. तेव्हा एका ठणठणीत बाईनं एका थकलेल्या बाईची काळजी घ्यावी, ह्यात काही चूक नव्हतं.

वन्संचा कोयता ज्यानं घडवला तो लोहार अजून भट्टी चालवतो. सगळे त्याला 'भाता' म्हणतात, कारण कुठल्याही प्रश्नाला उत्तर देण्याआधी तो मोठ्ठा फुत्कार सोडतो. मी त्याला गाठलं.

"असाच दुसरा करून द्यायचा. हुबेहूब. फक्त हलका."

"फूऽऽ. कुणासाठी?"

"वन्संसाठी. त्यांना कळता कामा नये."

ह्यावर जो फुत्कार आला त्यानं भट्टीतले निखारे फुलले असतील. "बाई, मी लावलेल्या धारेवरून तिला कळतं की त्या दिवशी माझं घरी भांडण झालं होतं. तिला वजन कळणार नाही?"

"तुम्ही नीट केलंत तर नाही कळणार."

"आणि कळलं तर?"

"तर मी तुम्हाला ओळखत नाही."

मी चपलेचं सांगितलं. पेटाऱ्याचं सांगितलं. कुलपाचं सांगितलं. मग त्यानं कोयता हातात घेतला, उलटासुलटा केला आणि अंगठा पाठीवरून फिरवला. "पाठ बारीक करू," म्हणाला. "लांबी तीच, रुंदी तीच. समोरून बघितलं तर तोच. नाकाशी खाच आहे ना, ती पण पाडून देतो."

"आणि हे डाग?"

"डागही देतो." एवढा सज्जन माणूस, पण एकदा लबाडीला लागल्यावर त्याला असा हुरूप चढला की विचारू नका.

अडचण मुठीची होती. इतक्या वर्षांत वन्संच्या बोटांनी त्या लाकडात आपापल्या जागा करून घेतल्या होत्या. तशी मूठ कोण करणार? म्हणून जुन्या पात्याची मूठ काढून तीच नव्या पात्याला बसवायची ठरली. धार लावायला म्हणून मी कोयता नेला आणि धार लावून म्हणून नवा घेऊन आले. जुनं पातं, बिनमुठीचं, मी उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळून आमच्या पलंगाखाली पार भिंतीपर्यंत सरकवलं.

नवा कोयता वन्संच्या हातात दिला. त्यांनी मूठ धरली. एकदा हवेत फिरवला. माझ्याकडे बघितलं. पुन्हा फिरवला.

"धार बरी लावलीय भात्यानं," म्हणाल्या आणि खिळ्याला अडकवला.

मी स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं आणि तोंडावर हात दाबून हसले. असं हसू मला लग्नात माझ्या मामांचा पाय केळीच्या सालीवरून घसरला तेव्हा आलं होतं. पुढच्या खेपेला वन्संनी उतार साफ केला, नुसता केला नाही, पाइपाच्या वरची काटेरी जाळीही काढली. घरी येऊन आमच्या ह्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "माणूस लावणार होतास ना?" हे कौतुकानं म्हणाले, "ताई, काय जोर आहे गं तुझ्यात अजून!" मी भात वाढत होते, मान वर केली नाही.

यश डोक्यात जातं. पुढच्या धारेच्या वेळी मी भात्याकडून नाकाशीही थोडं घासून घेतलं. पुन्हा वन्सं म्हणाल्या, "धार बरी आहे." मला वाटलं, आपण ह्या घरातल्या सगळ्यात हुशार बाई. हे कुणाला तरी सांगावं म्हणून जीव तळमळत होता, पण सांगणार कुणाला? निम्मी गल्ली दुकानात गाऱ्हाणी सांगायला येते, वन्संना एका आठवड्यात कळलं असतं.

मग एक उंचाडी बाई आली.

रस्त्याच्या कडेची झुडपं तोडणाऱ्या टोळीत कामाला होती. चौकटीतून वाकून आत शिरली. हाताचे पंजे फळीसारखे, चेहरा मात्र असा की आत्ता रडेल नाहीतर आत्ता मारेल. जावईबापूकडे तिनं ढुंकूनही बघितलं नाही. वन्सं तिथंच खूश झाल्या. त्यांनी एक चांगला मजबूत कोयता काढून तिच्या हातात दिला.

"हात सरळ. आता सांग, काय चाललंय?"

ती सांगायला लागली. मुकादम चांगली अवजारं बाप्यांना देतो, हिला उरलेसुरले बोथट कोयते, वर विचारतो की तुझं काम मागे का पडतं. बोलता बोलता तिच्या हातातला कोयता वर उडायला लागला, खाली, वर, मुकादमाच्या मानेच्या दिशेनं. "हलका," वन्सं म्हणाल्या आणि दुसरा दिला. तोही उडाला. तिसरा दिला. शेवटी वन्संनी चक्क जावईबापू खाली काढला. उंचाडीनं तो हातात धरून बघितला आणि नाक मुरडलं.

"ह्याला नुसती रुंदी आहे. ह्यानं काय होणार?"

आजवर जावईबापूचा असा अपमान कुणी केला नव्हता. वन्संचा चेहरा फुलला. त्यांनी तो परत टांगला, हात झटकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वहिनी, तुझ्या पलंगाखालचा आण."

माझ्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. "कुठला?"

"निळ्या फुलांच्या अभ्र्यातला. मूठ नाहीये त्याला, सांभाळून आण."

काय सांगू, आमची खोली तिथून हाकेच्या अंतरावर, पण मला तिथं पोचायला वेळ लागला. अभ्रा घेऊन परत आले तोवर वन्संनी खणातून एक नवी मूठ शोधून ठेवली होती. त्यांनी पातं बाहेर काढलं. जाड पाठ, नाकाशी खाच. क्षणभर त्यावर नुसता हात ठेवला. मग मूठ ठोकून बसवली आणि कोयता उंचाडीच्या हातात दिला.

"धर सरळ. मुकादमाचं झालं. आता खरं काय ते सांग."

तिनं मूठ नीट धरली. मग बोलायला लागली आणि ह्या वेळी आवाज चढला नाही. ती काय बोलली ते मी सांगणार नाही. मी एवढी कान लावून ऐकणारी बाई, पण त्या दिवशी मलाच ऐकवेना. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि टोक? टोक तसूभर हललं नाही.

"हा तुझा," वन्सं म्हणाल्या.

उंचाडी गेली. मी खाली बसून शेंगा गोळा करत होते, म्हणजे वर बघायला नको.

"केव्हा कळलं?" शेवटी विचारलं.

"पहिल्याच दिवशी. जन्मभर हातानं वजनं करते, मी काय आजवर फुलं विकत होते?"

"आणि पलंगाखालचं?"

"तू दिवसातून तीनदा केर काढणारी. अचानक तुझा झाडू पलंगाखाली जायचा बंद झाला. म्हटलं, बघावं काय लपवलंय."

"मग बोलला का नाहीत?"

वन्सं गल्ल्यावरची नसलेली धूळ पुसायला लागल्या. "बोलले असते तर मला तो जड झाला होता हे तोंडानं म्हणावं लागलं असतं. मग कुलूप लावावंच लागलं असतं, मी सगळ्यांना सांगून बसले होते ना! मला हलका मागता येत नव्हता गं. तू चोरून दिलास, मला मागावा लागला नाही." मग म्हणाल्या, "आणि स्वयंपाकघरात दार लावून काय हसत होतीस! एवढी खूश झालेली मी तुला कधी बघितली नव्हती. म्हटलं, राहू दे बाई."

मला हसूही येईना, रडूही थांबेना. "पण बाबांनी दिलेला कोयता देऊन टाकलात?"

"तो माझ्या तेव्हाच्या रागाच्या मापाचा होता. आता तेवढा राग मी कुठून आणू? तिच्याकडे आहे. बघितलंस ना?"

बघितलं होतं. मी नाक पुसलं आणि भीत भीत विचारलं, "मग आता दुकानाला कुलूप?"

"कुलूप कशाला?" वन्संनी खिळ्यावरचा आपला कोयता काढला, हात लांब केला आणि म्हणाल्या, "माझा कोयता मला कुठं जड आहे?" आणि पेटाऱ्याचं गाऱ्हाणं सुरू केलं. कडी, झाकण, ती सकाळ, त्या सकाळी आमच्या ह्यांनी घातलेला सदरा, सगळं सांगितलं. टोक हललं नाही.

मी डोळे पुसत आत निघाले तर मागून आवाज आला, "काय गं, तुझ्या हाताला हल्ली फार जोर आलाय म्हणे?"

मी थांबले.

"गच्चीवर हात फिरवतेस त्याचा गुण. सगळी गल्ली फिरवते आता."

"वन्सं..."

"जुनी बादली माळ्यावर आहे. कडी मात्र तीच बसवून घेतलीय, तुझ्या हातातली. तू उंबऱ्याशी बादली आपटून कंबर धरून खाली बसलीस आणि मला म्हणालीस पाय मुरगळला, त्याच आठवड्यात करून आणली. भात्याकडूनच. पातळ पत्र्याची."

भात्याकडून! आणि तो माझ्यासमोर फुत्कार सोडत म्हणत होता, तिला कळणार नाही का! मी तडक अंगणात गेले. बादली नळाखाली होती. तोच रंग, तीच कडी, पोटाला तोच पोचा. बोटानं वाजवली. टणटणली. आमची जुनी बादली वाजायची नाही, ती नुसती गप्प असायची. मी तिथंच नळाच्या कट्ट्यावर बसले आणि किती वेळ हसत होते ते मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर गेले नाही. बादली काठोकाठ भरली, उचलली आणि दुकानाच्या आतल्या दारावरून जाताना मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "काय जड आहे बाई ही बादली!"

आतून लगेच आवाज आला, "हात सरळ धर आणि सांग, घरी काय चाललंय?"

मी बादली धरून दारात उभी राहिले आणि सांगायला लागले. म्हटलं, वन्सं अजून घोरतात, आणि सकाळी उठून मलाच विचारतात की रात्री कोण घोरत होतं.